प्रवेश खुला, प्रश्नही खुले

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर व्याख्यानमालांची पत्रकं लागू लागतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावानं व्याख्यानमाला चालवतं आणि ती तालुक्यातालुक्यांच्या महाविद्यालयांत, गावांत जाते. मुंबई विद्यापीठाचाही बहिःशाल विभाग आहे. कुठे खगोलशास्त्र, कुठे सहकार, कुठे संतसाहित्य, कुठे पाण्याचा प्रश्न. विषय बदलतात, वक्ते बदलतात, पण पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते: प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला. ही ओळ विद्यापीठानं का छापावी, आणि छापली तर तिनं कशाची जबाबदारी अंगावर घेतली, हा या लेखाचा विषय आहे. त्याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही विद्यापीठाविषयी कळकळ असलेल्यांची आहेत. म्हणून आपल्याकडच्या जुन्या वादपद्धतीप्रमाणे ती समोरासमोर मांडतो. पूर्वपक्ष आहे विद्यापीठाचं अंदाजपत्रक ओळीओळीनं वाचणाऱ्या माणसाचा. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष: तुम्ही व्याख्यानमालेची थोरवी सांगायला लागण्याआधी विद्यापीठाची आजची अवस्था ऐका. विभागांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. महाविद्यालयांत नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली माणसं वर्षानुवर्षं घड्याळी तासिका तत्त्वावर, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात त्या पद्धतीनं, तासांच्या हिशेबानं मानधन घेऊन शिकवत आहेत, आणि तेही मानधन वेळेवर हातात पडेल याची खात्री नसते. अशा वेळी सभागृह, वक्त्याचा प्रवास, मुक्काम, पत्रकं यांवर पैसे घालून तुम्ही ऐकवता कुणाला? पुढच्या रांगांत बसलेले असतात ते निवृत्त अधिकारी, निवृत्त शिक्षक. म्हणजे ज्यांचं शिक्षण समाजाच्या पैशातून केव्हाच झालं आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हेच दुखणं मांडलं होतं. सरकारच्या महसुलाचा मोठा हिस्सा शेतकऱ्याच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मात्र उच्च शिक्षण घेणाऱ्या वरच्या वर्गांना होतो. तेव्हा आधी खेड्यातल्या प्राथमिक शाळेकडे लक्ष द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आजचाही पुरावा तेच सांगतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं 2013 मध्ये आपल्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव घातलेल्यांची पाहणी केली, तेव्हा पाचातल्या चौघांहून जास्त लोकांकडे आधीच पदवी होती. मोफत केलं की ज्यांना आधी मिळालं आहे तेच आणखी घेऊन जातात. फुल्यांचं नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाला हे शोभतं का?

उत्तरपक्ष: फुल्यांचा आधार तुम्ही घेतलात हे बरं झालं, कारण मीही तिथूनच सुरुवात करणार होतो. त्या निवेदनात दोन गोष्टी आहेत. पैसा कोण देतो आणि लाभ कुणाला होतो, यांतली तफावत ही एक. आणि शिक्षणाची सोय करताना ज्यांनी पैसा दिला त्यांच्यापासून सुरुवात करा, ही दुसरी. यातून विद्यापीठानं चार भिंतींत राहावं असा निष्कर्ष निघत नाही. उलट, ज्या शेतकऱ्याच्या, गिरणीत आणि कारखान्यात राबणाऱ्याच्या पैशावर विद्यापीठ उभं आहे आणि ज्याचा मुलगाही कदाचित त्या वर्गात पोचलेला नाही, त्याचं विद्यापीठावर देणं आहे, असा निघतो. शिक्षण फक्त लहान वयाच्या मुलांनी घ्यायची गोष्ट आहे असं फुले कधीच मानत नव्हते. दिवसभर राबणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी फुले दांपत्यानं 1855 मध्ये रात्रीची शाळा काढली होती, आणि 1873 नंतर सत्यशोधक समाजाचा विचार गावोगाव पसरला तो माणसांपुढे उभं राहून बोलण्यातूनच. तेव्हा पुढच्या रांगांत निवृत्त अधिकारी बसतात ही तुमची तक्रार खरी असेल, तर ती व्याख्यानाच्या जागेवरची आणि वेळेवरची तक्रार आहे. विद्यापीठाच्या आवारात दुपारी चार वाजता व्याख्यान ठेवलं तर ज्यांना दुपारी चार वाजता मोकळीक आहे तेच येणार. रात्री आठ वाजता, बाजाराच्या गावी, शेवटच्या एसटीचं वेळापत्रक पाहून ठेवलेलं व्याख्यान वेगळी माणसं आणतं. निवृत्तांनी येऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या बाईनं तीस वर्षं संसार आणि नोकरी केली आणि आता पहिल्यांदाच तिला दोन तास स्वतःसाठी मिळाले आहेत, ती श्रोता म्हणून कुणाहून कमी नाही.

पैशाचंही नीट पाहू. रिकाम्या जागा व्याख्यानमालेमुळे रिकाम्या नाहीत. अनुदानित पदांचा पगार राज्य सरकार देतं आणि ती भरायला सरकारची मान्यता लागते. बहिःशालाचा निधी बंद केला म्हणून त्या मान्यतेची फाईल पुढे सरकत नाही. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिना 57,700 रुपये आहे. एखाद्या जिल्ह्यातल्या सगळ्या व्याख्यानमाला बंद करून जे वाचेल त्यातून फार पदं उभी राहणार नाहीत, आणि वक्त्याची एसटी-रेल्वे आणि मानधन एवढ्यावर भागणारी ही योजना मात्र पूर्ण नाहीशी होईल. शिवाय हा विद्यापीठाचा ऐच्छिक छंद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं 1977 मध्येच अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीनं विस्तारकार्य हे विद्यापीठाचं तिसरं अंग मानलं. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमातही आजीवन अध्ययन आणि विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. तुमच्या बोलण्यातला एक मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. तासाच्या मानधनावर जगणाऱ्या शिक्षकाला 'समाजकार्य आहे' असं सांगून फुकट बोलायला लावणं हे शोषण आहे. मोफत म्हणजे ऐकणाऱ्याला मोफत. बोलणाऱ्याच्या श्रमाचा मोबदला विद्यापीठानं पूर्ण द्यायचा, आणि सीएचबीवरच्या शिक्षकाला तर आधी द्यायचा.

पूर्वपक्ष: पैशाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवतो. पण ज्याच्यासाठी हा खर्च करायचा त्या व्याख्यानातून शिक्षण होतं, हे तुम्ही गृहीत धरता. प्रत्यक्ष कार्यक्रम कसा असतो ते आठवा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग व्याख्यान, मग अध्यक्षीय समारोप, मग आभारप्रदर्शन. दोन तासांच्या कार्यक्रमात वक्त्याला जेमतेम पाऊण तास मिळतो, आणि प्रश्नांची वेळ आली की निवेदक घड्याळाकडे पाहतो. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आणून बसवलेली असतात. त्यांचं लक्ष हजेरीच्या कागदाकडे. यातून काय शिकलं जातं? ज्यांनी हे काम गांभीर्यानं केलं त्यांना ही मर्यादा माहीत होती. इंग्लंडात आर. एच. टॉनी या इतिहासकारानं 1908 मध्ये रॉचडेल आणि लाँग्टन इथे कामगारांचे वर्ग घेतले, तेव्हा मोठ्या सभेतलं सुटं व्याख्यान त्यानं मुद्दाम टाळलं. वर्ग लहान, तीन वर्षं टिकून राहण्याचं वचन, एक तास व्याख्यान आणि एक तास चर्चा, दर पंधरवड्याला निबंध. म्हणजे ज्याला खरंच शिकवायचं होतं त्याला नुसतं व्याख्यान पुरेसं वाटलं नाही. आणि आता तर जगातल्या उत्तमातल्या उत्तम शिक्षकांची व्याख्यानं मोबाईलवर फुकट आहेत. तालुक्याच्या सभागृहात सुमार व्याख्यान ऐकायला माणसानं दहा किलोमीटर का यावं?

उत्तरपक्ष: समारंभाबद्दल तुम्ही जे बोललात त्यातला शब्दही मला खोडायचा नाही. तो सगळा वेळ श्रोत्यांच्या खिशातून काढलेला आहे. पण टॉनीचं उदाहरण तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. त्या वर्गात दुसरा तास चर्चेचा होता, आणि त्या तासात कोण शिकलं ते पाहा. 1912 मध्ये टॉनीचा सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या शेतीप्रश्नावरचा ग्रंथ आला. पुढे त्याची गणना विसाव्या शतकाच्या मोठ्या आर्थिक इतिहासकारांत झाली, आणि त्याचा पाया या ग्रंथानं घातला. त्याच्या प्रस्तावनेत त्यानं त्या वर्गांतल्या विणकरांचे, कुंभारकाम करणाऱ्यांचे, खाणकामगारांचे आणि यंत्रकामगारांचे आभार मानले आहेत. त्यांच्या मैत्रीच्या तडाख्यांतून राजकीय आणि आर्थिक प्रश्नांबद्दल जे समजलं ते पुस्तकांतून सहज मिळणारं नव्हतं, अशा अर्थाचं तो लिहितो. कुंपणं घालून गावाची सामाईक जमीन गिळली गेली तेव्हा काय झालं, हे ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात बसून कळतं ते वेगळं, आणि मजुरी कापली की घरात काय होतं हे ज्याला ठाऊक आहे तो त्याच विषयावर उलट प्रश्न विचारतो तेव्हा कळतं ते वेगळं. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे. जाहीर व्याख्यानाची किंमत वक्ता काय देऊन जातो यावर कमी आणि तो काय घेऊन परततो यावर जास्त ठरते. विद्यापीठातलं ज्ञान परीक्षकांपुढे जातं, समीक्षक-संपादकांपुढे जातं, पण ज्यांच्या आयुष्याबद्दल ते बोलतं त्यांच्यापुढे फार कमी वेळा जातं. मोफत जाहीर व्याख्यान हा ती उलटतपासणी घडवून आणण्याचा सर्वांत साधा आणि सर्वांत जुना मार्ग आहे.

जुना म्हणजे किती, तर चार शतकांहून अधिक. थॉमस ग्रेशम या लंडनच्या व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात केलेल्या तरतुदीतून 1597 मध्ये ग्रेशम कॉलेज सुरू झालं. पदवी नाही, परीक्षा नाही. सात विषयांचे सात प्राध्यापक आणि नगरवासीयांना खुली व्याख्यानं, लॅटिनबरोबर इंग्रजीतही. लंडन हे बंदराचं शहर. ग्रेशमच्या भूमितीच्या आणि खगोलाच्या प्राध्यापकांपुढे जहाजांवरची, उपकरणं बनवणारी माणसं होती, आणि त्यांना समुद्रात आपलं जहाज नेमकं कुठे आहे हे काढायचं होतं. तिथला भूमितीचा पहिला प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज. नेपियरच्या लॉगॅरिदमला 10 चा पाया देऊन ती सर्वांना वापरण्याजोगी केली ती यानं. आपल्याकडच्या विज्ञान शाखेच्या कित्येक पिढ्यांनी परीक्षेत जवळ बाळगलेलं लॉग टेबल हे त्या कामाचं वंशज आहे. तिथलाच खगोलाचा एक प्राध्यापक एडमंड गंटर यानं नाविकांच्या हाती गणिताची मोजपट्टी दिली. ब्रिग्जला ही कल्पना श्रोत्यांनी दिली असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण आकडेमोडीचे श्रम कमी करणं हे ज्या शहरात रोजच्या पोटापाण्याचं काम होतं, त्या शहराला खुल्या असलेल्या संस्थेत हे सलगपणे घडलं, हा निव्वळ योगायोग मानायला मन घेत नाही. पुढे 28 नोव्हेंबर 1660 रोजी त्याच ग्रेशम कॉलेजात ख्रिस्तोफर रेनचं खगोलशास्त्रावरचं व्याख्यान संपल्यावर काही जण थांबले, बोलत बसले, आणि त्यांनी जी संस्था काढायची ठरवली ती रॉयल सोसायटी. व्याख्यान संपल्यावरचा वेळ एवढा महत्त्वाचा असतो.

याचं उलट उदाहरणही मी लपवत नाही, कारण त्यानं माझा मुद्दा अधिक पक्का होतो. पॅरिसचं कॉलेज द फ्रान्स 1530 पासून चालत आलं आहे. तिथेही पदवी नाही, नावनोंदणी नाही, शुल्क नाही. कुणीही जाऊन बसावं. मिशेल फुको 1970 पासून 1984 मध्ये मरेपर्यंत तिथे प्राध्यापक होता. त्याच्या व्याख्यानांना जागेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी व्हायची, टेबलावर ध्वनिमुद्रकांची रास पडायची, आणि तो मात्र बोलून झाल्यावर एकटा पडल्याची खंत बोलून दाखवायचा. एवढ्या गर्दीत प्रश्नोत्तर होणं अशक्य होतं. 1976 मध्ये त्यानं संध्याकाळची वेळ बदलून सकाळी साडेनऊची केली, गर्दी कमी व्हावी म्हणून. तरी ती फारशी हटली नाही. म्हणजे मोठा विचारवंत, मोफत प्रवेश आणि भरलेलं सभागृह हे तिन्ही असूनही व्याख्यान अपुरं राहू शकतं, जर श्रोत्याला तोंड उघडायला वाव नसेल. मोबाईलवरच्या व्याख्यानाचं तसंच आहे. ते उत्तम असेलही, मीही त्याचा ऋणी आहे. पण त्यातल्या माणसाला मराठवाड्यातली बोअरवेल कोरडी का पडली हे कुणी विचारू शकत नाही, आणि विचारलं नाही म्हणून त्यालाही ते शोधायची गरज पडत नाही.

पूर्वपक्ष: ठीक आहे, प्रश्नांचा तास महत्त्वाचा, मान्य. मग त्या तासाला गांभीर्यानं येणारी माणसं हवीत, आणि त्यासाठी तिकीट ठेवा. पन्नास रुपये, फार तर तीस. मराठी माणूस नाटकाला तिकीट काढून जातो आणि शेवटपर्यंत बसतो. फुकटच्या व्याख्यानातून मधेच उठून जाताना त्याला काही वाटत नाही. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचंही बघा. नाव घालतात हजारो आणि पूर्ण करतात ते बहुधा दहातला एकही नाही. ज्याचं मोल दिलं नाही त्याची किंमत राहत नाही, हा अनुभव आहे. आणि तिकिटाच्या पैशातून तुम्ही म्हणता ते मानधनही निघेल.

उत्तरपक्ष: नाटकाच्या प्रेक्षकाला आपण काय पाहायला चाललो आहोत हे माहीत असतं. लेखक, नट, आधीचे प्रयोग, शेजाऱ्यानं केलेलं कौतुक, यांवरून तो पन्नास रुपयांचा निर्णय घेतो. ज्यानं विश्वाच्या उत्पत्तीवर किंवा जमिनीच्या कायद्यावर आयुष्यात कधीही काही ऐकलेलं नाही, त्याला ते पन्नास रुपयांचं आहे की पाच रुपयांचं, हे आधी कसं ठरवता येईल? तिकीट लावलं की ज्यांना त्या विषयाची गोडी आधीच लागली आहे तेवढेच येतात, म्हणजे तुमच्या पहिल्याच आक्षेपातली माणसं. हा नुसता तर्क नाही. केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्टनं 1867 मध्ये उत्तर इंग्लंडातल्या स्त्रियांच्या संघटनांसाठी व्याख्यानं दिली, त्यातून 1873 मध्ये केंब्रिजनं विद्यापीठाबाहेरच्या व्याख्यानांची रीतसर योजना सुरू केली. ती शुल्कावर चालत होती. नॉर्थम्बरलंडच्या कोळसाखाणींतल्या कामगारांनी ती मनापासून उचलली; दिवसभर खाणीत काम करून रात्री मैलोगणती चालत ते व्याख्यानांना यायचे. गांभीर्य यापेक्षा मोठं काय असतं? मग 1887 मध्ये संप झाला, मजुरी थांबली, शुल्क भरणं अशक्य झालं, आणि ते वर्ग मोडले. उत्सुकता तशीच होती, पण तिच्यासाठी मोजायला पैसे राहिले नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणाऱ्यांचं म्हणाल तर तिथे सोडणाऱ्याला अडवणारं समोर कुणी नसतं. समोरासमोरच्या व्याख्यानातून कुणी मधे उठून गेलं तर ते वक्त्याला दिसतं, आणि दिसायलाच हवं. दर आठवड्याला पंधरा माणसं कंटाळून उठून जातात हे ज्ञान त्या वक्त्याला परीक्षेच्या पेपरांतून कधीच मिळालं नसतं.

तिकिटाला माझा विरोध आणखी एका कारणासाठी आहे. पैसे देऊन आलेला माणूस ग्राहक होतो. त्याला आवडेल असं बोलणं भाग पडतं, आणि त्याचा प्रश्न फार तर सेवेबद्दलच्या तक्रारीसारखा ऐकला जातो. पैसे न देता, हक्कानं आलेला माणूस नागरिक म्हणून विचारतो. त्यानं आधीच दिलेलं आहे, कराच्या रूपानं, आणि तेही विषय निवडण्याची संधी न मिळता.

पूर्वपक्ष: नागरिक म्हणून विचारतो म्हणता, पण ऐकायचं काय हे कोण ठरवतं? वक्त्यांची यादी कोण करतं? वाद होईल असा विषय नको, वर्तमानपत्रात नाव येईल असा वक्ता हवा, संस्थाचालकांची मर्जी सांभाळायला हवी. मग उरतं ते व्यक्तिमत्त्व विकास, यशाची गुरुकिल्ली, तणावमुक्त जीवन. टाळ्या भरपूर. आणि खरा अभ्यासक आला तर तो अर्धं व्याख्यान इंग्रजीत करणार, कारण त्याचे सगळे पारिभाषिक शब्द तिकडचे. या दोन्हींपैकी कशासाठी तुम्ही माझ्याकडून तरतूद मागता?

उत्तरपक्ष: यशाच्या गुरुकिल्लीसाठी एक पैसाही देऊ नका. ते व्याख्यान विद्यापीठानं करायचं कारणच नाही. बाजारात त्याची रेलचेल आहे. विद्यापीठाच्या व्यासपीठावर बोलणाऱ्यानं स्वतः जे शोधलं, तपासलं, ज्यावर तो स्वतः काम करतो आहे, त्यावर बोलावं, एवढा एकच नियम पाळला तरी यादी आपोआप बदलते. कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकानं दर वर्षी नवं, चालू संशोधन मांडावं असाच दंडक आहे. आपल्याकडेही अशी परंपरा आहे, ती बाहेरून आणायला नको. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1877 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांचा इतिहास मांडला तो त्यांचा स्वतःचा अभ्यास होता, आणि भारतीय भाषांच्या अभ्यासात तो आजही उल्लेखला जातो. पुण्यातल्या वसंत व्याख्यानमालेमागे 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे होते, आणि त्यांनीच 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडातल्या अर्थशास्त्राचे नियम सर्व देशकाळांना सारखे लागू होतात हा तेव्हाचा समज त्यांनी तिथे नाकारला आणि देशाची परिस्थिती पाहून धोरण ठरवावं लागतं असं मांडलं. भारतीय अर्थविचाराची वाट तिथून स्पष्ट झाली. ती कल्पना अर्थातच त्यांच्या मनात आधीपासून घडत होती, पण ती पहिल्यांदा ठामपणे उभी राहिली ती श्रोत्यांपुढे बोलताना.

भाषेचं उत्तर जयंत नारळीकरांनी देऊन ठेवलं आहे. 1988 मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली तेव्हा ते तिचे संस्थापक-संचालक होते. खगोलभौतिकीतलं त्यांचं काम जागतिक पातळीवरचं, तरी शाळकरी मुलांपुढे आणि गावोगावच्या श्रोत्यांपुढे ते मराठीत बोलत राहिले, आणि विषय पातळ केला नाही. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सही देण्याऐवजी पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत, आणि त्याला उत्तर पाठवत. मला वाटतं, जाहीर व्याख्यान कसं असावं याचं एवढं नेमकं मार्गदर्शन दुसरं नाही. आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शालेय विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानं भरत आली आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे वैज्ञानिक 2009 पासून 'चाय अँड व्हाय?' या नावानं पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी लोकांना विज्ञान समजावतात, तिथेही तिकीट नाही आणि प्रश्नांना मधेच वाव असतो. गोव्यात दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावानं दर वर्षी भरणारा विचारमहोत्सव सर्वांना खुला असतो. कोसंबी हे गणिती असून त्यांनी भारताच्या इतिहासाबद्दल नवे प्रश्न विचारले. घाटवाटा आणि गुहा पायी हिंडून, गुराख्यांशी आणि देवऋषींशी बोलून त्यांनी पुरावा गोळा केला. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून लोकांना फक्त ऐकायला सांगणं विसंगत ठरलं असतं.

वक्त्यांच्या निवडीत होणाऱ्या दबावाबद्दल तुम्ही म्हणालात ते मात्र मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही. ज्या संस्थेला वादाची भीती वाटते तिला कुठलाही नियम धैर्य देऊ शकत नाही. एवढंच करता येईल की वक्ते कुणी सुचवले, कुणी ठरवले आणि कुणाची नावं मागे पडली हे पत्रकाबरोबरच जाहीर व्हावं. निदान मग भीती लपून राहणार नाही.

पूर्वपक्ष: समजा मी तरतूद मान्य केली. मला अंकेक्षणात दाखवायला काहीतरी हवं. आजवर मी उपस्थितीचा आकडा आणि छायाचित्रं मागत आलो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते फसवं आहे. मग येत्या सत्रातल्या व्याख्यानांचं मोजमाप मी कशावर करू?

उत्तरपक्ष: आकडा राहू द्या, पण त्याच्या जोडीला एक वही ठेवायला सांगा. व्याख्यानाच्या आठ दिवस आधी वक्त्यानं आपला मुद्दा दोन-तीन पानांत, मराठीत लिहून द्यावा आणि तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि ग्रामपंचायतीत ठेवला जावा, म्हणजे विचारणारा तयारीनं येईल. शाल-श्रीफळ, समारोप आणि आभार यांना मिळून दहा मिनिटं. जेवढा वेळ व्याख्यानाला तेवढाच प्रश्नांना, आणि पहिले तीन प्रश्न तरी व्यासपीठाच्या ओळखीच्या नसलेल्या माणसांचे. प्रश्न विचारायला बाया मागे राहतात हे माहीत असल्यामुळे चिठ्ठीवर प्रश्न लिहून देण्याची सोय असावी, आणि त्या चिठ्ठ्या गाळून न टाकता सगळ्या वाचाव्यात. हे सगळं वहीत उतरवायचं: प्रश्न काय होता, कुठल्या गावचा होता, उत्तर मिळालं का. उत्तर मिळालं नाही अशा प्रश्नांसाठी वेगळा रकाना ठेवा. सत्र संपल्यावर वही बहिःशालाच्या कपाटात जाऊ नये. ती त्या त्या विषयाच्या विभागाकडे जावी, आणि विभागाच्या बैठकीत हा रकाना आधी वाचला जावा. त्यातल्या एखाद्या प्रश्नावर पुढच्या वर्षी कुणा विद्यार्थ्यानं प्रबंधाचा विषय घेतला तर त्याची नोंद तुमच्या अंकेक्षणात करा. नाही घेतला, तर तीही करा.

पूर्वपक्ष: मानधनाचं कलम मी पहिल्या ओळीत घालतो. पण सीएचबीवरच्या शिक्षकाचं मानधन त्याच दिवशी, व्याख्यानाच्या जागी दिलं गेलं पाहिजे, ही माझी अट आहे. बिलं पाठवून सहा महिने थांबायचं असेल तर मी सही करणार नाही.

उत्तरपक्ष: ही अट माझ्या यादीत नव्हती. ती सर्वांत आधी घाला.